बुरशीची लस आणि फुकटची होडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आमच्या चिंचणी-तारापुरात घराघरांतून एक धंदा चालत आला आहे. डाय कोरण्याचा. पोलादाच्या लहानशा ठोकळ्यावर फूल, पान, वेलबुट्टी उलटी कोरायची. त्या ठोकळ्यावर सोन्याचांदीचा पत्रा ठोकला की नक्षी सुलटी उठून येते. झवेरी बाजारातल्या दागिन्यांवर जी फुले तुम्ही पाहता, त्यांतली कितीतरी आधी आमच्या गावच्या ओट्यांवर उमललेली असतात. माझ्या मामूंनी चाळीस वर्षे हेच काम केले. ते म्हणत, ‘‘या कामाला दोनच गोष्टी लागतात. हाताला सबूर आणि डोळ्याला धार.’’

२०२१ च्या एप्रिलमध्ये मामूंना करोना झाला. साखरेचा आजार आधीपासून होताच. ऑक्सिजन लागला, स्टिरॉइड द्यावे लागले, आणि मामू वाचले. घरी आल्यावर मुमानीने दारात नजर उतरवली. आठव्या दिवशी त्यांचा डावा गाल सुजला. पापणी मिटेना, उघडेना. टाळूवर काळा डाग दिसला. बोईसरच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून तोंडात पाहिले आणि एवढेच म्हणाले, ‘‘आजच्या आज मुंबईला न्या.’’

म्युकरमायकोसिस. त्या दिवसांत वर्तमानपत्रांनी त्याला ‘काळी बुरशी’ असे नाव दिले होते. ते नाव तसे चुकीचे. बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिनीत शिरते, रक्त अडवते, आणि रक्तावाचून मेलेले मांस काळे पडते. ही बुरशी कुठून परदेशातून आलेली नव्हती. शिळ्या पावावर, सडलेल्या फळावर, ओल्या मातीत जी वाढते तिच्याच गोतातली. तिचे कण आपण सगळेच रोज श्वासातून घेतो आणि आपले शरीर त्यांना परतवून लावते. ज्यांच्या शरीराची राखण ढिली पडली, त्यांच्याच घरात ती शिरते.

तिच्यावरचे मुख्य औषध म्हणजे ॲम्फोटेरिसिन. ते तेव्हा मिळत नव्हते. हा कागद आणा, तो शिक्का आणा, यादीत नाव घाला. मामूंचा मुलगा आणि मी तीन दिवस एका खिडकीसमोर उभे राहिलो. खिडकीतला माणूस ‘‘उद्या या’’ म्हणायचा. त्याचाही दोष नव्हता. त्याच्यामागचे कपाटच रिकामे होते. अखेर औषध आले, पण डॉक्टरांनी जीव वाचवायचा म्हणून डावा डोळा काढला. जुलै २०२१ पर्यंत देशात अशा ४५ हजारांहून जास्त रुग्णांची नोंद झाली आणि ४ हजारांहून जास्त माणसे गेली. महाराष्ट्र आणि गुजरात त्या यादीत पुढे होते.

घरी आल्यावर मामूंनी मला विचारले, ‘‘भाच्या, तू पेपरात लिहितोस, रेडिओवर बोलतोस. एक सांग. आम्हाला लहानपणी देवी काढल्या. तुम्हा पोरांना पोलिओचे थेंब दिले. करोनाची लस वर्षात आली. मग या बुरशीची लस का नाही?’’

मी कविता लिहिणारा माणूस. इतिहास घेऊन बी.ए. झालो, विज्ञान शाळेतच सुटले. मामूंना काय उत्तर देणार? पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग जमेल तसे वाचत गेलो. जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ही, की मामूंचा प्रश्न साऱ्या जगाचा आहे. माणसाच्या कोणत्याही बुरशीजन्य रोगावर आजवर एकही लस बाजारात आलेली नाही. चिंचणीत नाही आणि अमेरिकेतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये धोकादायक बुरशींची यादी प्रथमच काढली. तीत १९ नावे आहेत आणि म्युकरचे गोत दुसऱ्या, म्हणजे ‘गंभीर’ गटात आहे.

दुसरी गोष्ट ऐकून मात्र मी थबकलो. बुरशीच्या रोगांचा अभ्यास ज्या शहरांत लवकर सुरू झाला, त्यांत आपली मुंबई आहे. १८५८ साली हेन्री व्हॅनडाइक कार्टर नावाचा तरुण डॉक्टर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायला आला. शरीरशास्त्राच्या जगप्रसिद्ध ‘ग्रेज ॲनाटॉमी’तली चित्रे याच माणसाने काढली. इथे त्याला अनवाणी शेतकऱ्यांचे सुजलेले, भोके पडलेले पाय दिसू लागले. काटा रुततो, मातीतले काही आत शिरते, आणि वर्षानुवर्षे पाय आतून पोखरला जातो. मद्रासकडे याला मदुरेचा पाय म्हणत. कार्टरने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितले की हे बुरशीचे काम आहे. त्यानेच या रोगाला ‘मायसिटोमा’ हे नाव दिले आणि १८७४ साली त्यावर पुस्तक काढले. पुस्तकाच्या नावातच त्याने त्याला ‘हिंदुस्थानचा बुरशीरोग’ म्हटले आहे. आज दीडशे वर्षे झाली. २०२२ च्या त्या यादीत मायसिटोमा अजून आहे, आणि त्याची लस अजून नाही. अनवाणी माणसाच्या पायासाठी कोण पैसा ओतणार?

इथे मला उत्तराचे पहिले टोक सापडले. लस फक्त बुद्धीने होत नाही. तिच्यामागे धीराने पैसा घालणारा कोणीतरी लागतो. त्याचा दाखलाही मुंबईतच आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत गाठीचा ताप आला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो प्लेग आहे असे ओळखले. सरकारने वाल्देमार हाफकिन यांना मुंबईला पाठवले. हे ज्यू शास्त्रज्ञ ओडेसाचे. ग्रँट मेडिकल कॉलेजातच त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत लस तयार झाली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली.

लोकांचा मात्र विश्वास नव्हता. सरकारी माणसे घरात घुसून झडत्या घेत होती, माणसे उचलून नेत होती. अशा वेळी लसही सरकारचीच म्हटल्यावर कोण दंड पुढे करणार? तिथे खोजा समाजाचे तरुण इमाम, आगाखान सुलतान महंमद शाह, पुढे आले. लोकांसमक्ष त्यांनी स्वतःला लस टोचून घेतली आणि हाफकिनना कामासाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला. त्यांच्या मागून त्यांच्या समाजातल्या हजारोंनी लस घेतली. पुढे १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्लेगची प्रयोगशाळा थाटली गेली. १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते.

ही कहाणी गोडच आहे असे नाही. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एका बाटलीतल्या लसीने १९ माणसे धनुर्वाताने गेली. हाफकिनवर ठपका आला, नोकरी गेली. बाटली गावात उघडताना ती दूषित झाली होती, त्यांच्या प्रयोगशाळेत नव्हे, असे निष्पन्न व्हायला १९०७ साल उजाडले. सरकार पैसा देते तसे कधी कधी माणसाला एकटेही पाडते, हे इतिहासाने इथेच लिहून ठेवले आहे. तरीही हिशेब करा. ज्यू शास्त्रज्ञ, इंग्रज सरकारची तिजोरी, मुसलमान इमामाचा बंगला, आणि टोचून घेणारी मुंबईची साधी माणसे. यांतले एकही माणूस वगळले असते तर ती लस रुजली नसती.

‘‘पण तो प्लेग,’’ मामू म्हणाले, ‘‘बुरशीचे सांग.’’

बुरशीच्या औषधाची गोष्टही अशीच सरकारी खात्यांत सुरू होते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात दोन बाया कामाला होत्या, एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीला. मातीचे नमुने आणि अर्क त्या एकमेकींना टपालाने पाठवत. १९५० साली त्यांनी माणसाला वापरता येईल असे बुरशीवरचे औषध जाहीर केले. न्यूयॉर्क स्टेटवरून त्याचे नाव ठेवले ‘निस्टॅटिन’. त्याच्या स्वामित्वधनाचे १ कोटी ३० लाखांहून जास्त डॉलर आले. त्यातली पैसुद्धा दोघींनी घरी नेली नाही. सगळी रक्कम संशोधनाला गेली.

आता आपल्याकडे या. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने, भारत सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा केला. पेनिसिलिन आपल्या देशात व्हावे म्हणून. पण तिथे केवळ बाटल्या भरल्या जात नव्हत्या. मां. ज. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी पिंपरीच्या मातीतले जंतू तपासत होते. १९६१ च्या सुमारास त्यांना त्यातून बुरशी मारणारे एक द्रव्य सापडले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची आद्याक्षरे घेऊन त्याला ‘हॅमायसिन’ म्हटले गेले. ज्या जंतूपासून ते मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात आजही पिंपरी आहे, ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. अमेरिकेतल्या डॉक्टरांनीही ते रुग्णांवर तपासून पाहिले. मागोमाग पिकांवरच्या बुरशीसाठी ‘ऑरिओफंगिन’ आले.

श्रोतेहो, मला हे वाचताना विलक्षण वाटले. पिंपरी म्हटले की मोटारींचे कारखाने आठवतात. तिथल्या ढेकळातून जगाच्या उपयोगी पडणारे औषध निघाले होते, सरकारी पैशाने, आणि आम्हाला शाळेत कोणी सांगितले नाही. हाच कारखाना पुढे १९९० च्या दशकात आजारी उद्योगांच्या यादीत गेला. ज्या देशाने बुरशीवरचे औषध स्वतः शोधले होते, त्या देशात २०२१ साली मी खिडकीसमोर तीन दिवस उभा होतो. कारखाना आजारी पडला म्हणूनच औषध मिळाले नाही, असे सरळ गणित मी मांडणार नाही. पण संकट नसताना ज्याची मशागत केली नाही, ते संकटात उगवत नाही, एवढे शेतकऱ्याच्या पोरालाही कळते.

औषध एक, लस वेगळी. औषध चोर घरात शिरल्यावर काठी घेऊन धावते. लस आधीच राखणदाराला चोराचा चेहरा दाखवून ठेवते. बुरशीच्या बाबतीत अडचण अशी, की हा चोर त्याच घरात शिरतो जिथला राखणदार मुळात थकलेला असतो. साखरेचा रोगी, कॅन्सरचा रोगी, मूत्रपिंड बदललेला माणूस. शिवाय बुरशी वेष बदलते. मातीत एक रूप, फुप्फुसात दुसरे. आणि तिसरी अडचण पैशाची. असा रोग दरवर्षी कोट्यवधींना होत नाही. लसीची चाचणी करायची तर हजारो माणसे, अनेक वर्षे, अफाट खर्च. कंपनी विचारते, विकत कोण घेणार? व्यापाऱ्याने असे विचारावे यात गुन्हा नाही. पण मग उत्तर व्यापाऱ्याकडे मागायचेच कशाला?

हे ओळखून अमेरिकेत सध्या एक प्रयत्न चालला आहे. कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनाच्या कोरड्या मातीत एक बुरशी राहते. वाऱ्याने धूळ उडाली की ती फुप्फुसात जाते. त्या तापाला तिथे ‘व्हॅली फीव्हर’, म्हणजे खोऱ्याचा ताप, म्हणतात. तो पाडणारे शेतमजूर, बांधकामावरचे कामगार, तुरुंगातले कैदी. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या विमानतळांवरचे जवान त्याने आडवे झाले, तेव्हा सरकारचे लक्ष गेले. त्या तापाची एक गंमत आहे. एकदा होऊन गेला की तो बहुधा पुन्हा होत नाही. म्हणजे शरीराला हा धडा शिकता येतो. मग लसही शिकवू शकेल.

१९८० ते १९८५ या काळात मारलेल्या बुरशीची लस सुमारे २,८०० निरोगी माणसांच्या चाचणीत तपासली गेली. उपयोग झाला नाही. एखादा धंदा असता तर तिथेच दुकान बंद झाले असते. पण सार्वजनिक पैसा थोडा थोडा का होईना येत राहिला. मक्याच्या रोगावर काम करणाऱ्यांना बुरशीतले एक जनुक सापडले होते. ते काढून टाकले तर बुरशी जिवंत राहते, पण रोग करू शकत नाही. ॲरिझोना विद्यापीठातल्या मंडळींनी तेच जनुक खोऱ्याच्या बुरशीतून काढले. तिची लस कुत्र्यांना दिली, कारण हा ताप तिथल्या कुत्र्यांनाही होतो. २०२१ साली निष्कर्ष छापून आले. कुत्र्यांना चांगले संरक्षण मिळाले होते. २०२२ साली अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेने या तापासाठी कॅलिफोर्निया आणि टेक्सासमधल्या विद्यापीठांना सहयोगी संशोधन केंद्रे काढायला अनुदान दिले. २०२४ मध्ये तीच कुत्र्याची लस माणसापर्यंत आणण्यासाठी एका लहान कंपनीशी ३ कोटी ३० लाख डॉलरपर्यंतचा करार केला. मक्याचा अभ्यासक, गुरांचा डॉक्टर, माणसांचा डॉक्टर, कंपनी आणि सरकार, सगळे एका पंगतीला. लस अजून माणसाच्या दंडाला लागलेली नाही. पण वाट तयार होते आहे.

आपल्याकडे अशी पंगत बसू शकते का? मांडून पाहा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. चंडीगडच्या पीजीआयमध्ये रोगकारक बुरशींचा संग्रह आहे. परळला हाफकिन आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने करोनाचा विषाणू वेगळा करून हैदराबादच्या कंपनीला दिला आणि त्यातून कोव्हॅक्सिन झाली. म्हणजे सरकारी प्रयोगशाळा आणि खासगी कारखाना एकत्र आले तर काय होते, हे आपण केलेलेच आहे. आमच्या बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने आहेत. त्यांचा वास आम्हाला मिळतो, औषधे मुंबईकडे जातात. भांडी सगळी आहेत. चूल एक नाही.

आणखी एक जुना कागद सांगतो आणि थांबतो. २०२१ च्या मे महिन्यात केंद्राने राज्यांना म्युकरमायकोसिसच्या रुग्णांची नोंद सक्तीची करायला सांगितले. कोणत्या कायद्याखाली? १८९७ च्या साथरोग कायद्याखाली. म्हणजे मुंबईच्या प्लेगसाठी केलेला कायदा आपण सव्वाशे वर्षे जपून ठेवला. हाफकिनच्या व्हरांड्यातली घाई, आगाखानांचा बंगला, पिंपरीची माती मात्र जपली नाही. दंडुका सांभाळला, हात सोडला.

आमच्या चिंचणीत १९५५ साली एका शेतकऱ्याला शेतात ताम्रपट मिळाले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या राजवटीतला. संजाणच्या या मुलखाचा कारभारी तेव्हा एक ताजिक, म्हणजे अरब होता. ताम्रपटात त्याचे नाव ‘मधुमती’ कोरले आहे. अभ्यासक म्हणतात, मूळ नाव मुहम्मद. देवीच्या मठासाठी त्याने राजाच्या संमतीने गाव दान दिले, म्हणून तो ताम्रपट. पण मला त्यातली दुसरीच ओळ आवडते. या मधुमतीने दोन प्रवाहांवर फुकट होडी ठेवली होती, आणि एक अन्नछत्र घातले होते, जिथे वाटसरूला भात, कालवण आणि तूप मोफत मिळे.

फुकट होडी का? कारण नावाडी रोजचा हिशेब पाहतो. दिवसाला चारच माणसे पलीकडे जाणार असतील तर त्याला परवडत नाही. पण त्या चारांतली एखादी बाळंतीण असते, एखादा तापाने फणफणलेला असतो. त्यांच्यासाठी होडी काठाला बांधून ठेवणे हे राज्याचे काम आहे, हे आमच्या मातीत ११०० वर्षांपूर्वी तांब्यावर कोरून ठेवले होते. बुरशीची लस ही तशीच होडी आहे. तिला उतारू थोडे, म्हणून ती व्यापाऱ्याची नव्हे.

मी हे सगळे मामूंना ओट्यावर बसून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. हातात एक जुनी डाय होती. एका डोळ्याने खोली कळत नाही, म्हणून आता ते नवीन कोरत नाहीत. नातवाने कोरलेले अंगठ्याने चाचपून पाहतात आणि कुठे खोल गेले ते सांगतात.

‘‘म्हणजे माझ्या कामी येणार नाही ती,’’ ते म्हणाले.

‘‘नाही मामू.’’

‘‘चालेल,’’ ते म्हणाले आणि डाय नातवाच्या हातात दिली. ‘‘याच्या वेळेला काठाला असली म्हणजे झाले.’’